भाभीनं कापलेला दोर

आमच्या विहिरीला पायऱ्या नाहीत. आजोबांच्या वेळची विहीर. कडेच्या दगडांत पाय रोवायला खाचा ठेवल्यात आणि काठावरच्या लिंबाला एक जाड नायलॉनचा दोर बांधलेला असायचा. दोराला गाठी मारलेल्या. गाठी धरायच्या, खाचांत पाय द्यायचे आणि उतरायचं. तीन पुरुष खोल गेल्यावर कातळाचा टप्पा लागतो. दोन-तीन माणसं उभी राहतील एवढाच. त्याच्या खाली पाणी. लहानपणी भाई आणि मी त्या टप्प्यावर बसून पोहायला शिकलो. त्या विहिरीची भीती आमच्या घरात कुणालाच नव्हती.

भाई म्हणजे माझा थोरला भाऊ. भवानीनगरच्या पलीकडं, कालव्यापासून बरंच आत आमची वस्ती आहे. घरचा ऊस, चार गाया, आणि भाईचं रस्त्याकडेला पाइप आणि मोटरीच्या सामानाचं छोटं दुकान. मी बारामतीला कंपनीत कामाला होतो, अजूनही आहे. रोज मोटरसायकलवर जायचं, यायचं. अब्बा थकले होते. त्यांनी शेत भाईवर सोडून दिलं होतं आणि भाईला ते आवडायचं. तो फार बोलायचा नाही. काम करताना ओठांतल्या ओठांत शीळ घालायचा, तेवढंच.

त्या उन्हाळ्यात कालव्याचं पाणी लांबलं. विहीर तळाला गेली आणि पाणबुडी मोटर गाळात रुतून बसली. मोटर वर काढायची तर आधी वरचं पाणी उपसायला हवं होतं. भाईनं सांगवीच्या एका पाहुण्याकडनं डिझेल इंजिन आणलं. इंजिन काठावर ठेवलं तर इतक्या खोलातलं पाणी ते ओढत नाही, म्हणून साखळी लावून चार जणांनी ते टप्प्यावर उतरवलं. आमच्या भागात सगळे असंच करतात. मी लहान असल्यापासून बघत आलोय.

माझी सुट्टी होती. सकाळी भाईनं खाली उतरून इंजिन चालू केलं, वर आला, चहा प्यायला आणि मला म्हणाला, "तू सरीला पाणी बघ. वाया नको जायला." मी उसात पाइपाच्या तोंडाशी उभा होतो. पाणी गढूळ येत होतं, पण जोर चांगला होता. भाभी बांधापलीकडं गायांसाठी घास कापत होती. भाई-भाभीची मुलगी अम्मीजवळ घरात होती. ऊन चढलं होतं.

काही वेळानं इंजिनाचा आवाज बदलला. ते ठसकायला लागलं. दम लागलेलं माणूस बोलताना अडखळतं तसं. पाइपातलं पाणी कधी यायचं, कधी थांबायचं. मला वाटलं डिझेल संपत आलं असेल. भाईलाही तेच वाटलं असणार, कारण तो कॅन घेऊन विहिरीकडं जाताना मला दिसला. मग इंजिन बंद पडलं. मी वाट बघितली. परत चालू झालं नाही. भाईची हाकही आली नाही.

मी गेलो तेव्हा शेजारचे तात्या काठावर ओणवे होऊन खाली बघत होते. तात्यांचं रान आमच्या रानाला लागून. बांधावरून कधी भांडण नाही, ईदला आमच्याकडं, दिवाळीला त्यांच्याकडं. त्यांनी माझ्याकडं न बघताच सांगितलं, "तुझा भाऊ बसलाय खाली. मी हाक मारतोय, पर बोलंना."

मी वाकून पाहिलं. भाई टप्प्यावर भिंतीला टेकून बसला होता. पाय पसरलेले. मान छातीवर. डिझेलचा कॅन बाजूला सरळ उभा होता. रक्त नाही, काही नाही. उन्हातनं येऊन टेकल्या जागी डोळा लागावा, तसा दिसत होता.

"चक्कर आली आसंल," तात्या म्हणाले. "मी जातो. तू वरनं बघ."

"तात्या, मी जातो."

"तू ताकदीचा हायस. तू वरच लागशील वढायला."

बोलता बोलता ते दोराला लागलेसुद्धा. साठीच्या पुढचं माणूस, पण सगळी हयात विहिरींत उतरण्यात गेलेली. भराभर खाली गेले. टप्प्यावर पाय टेकले. भाईच्या खांद्याला हात लावला, त्याचं नाव घेतलं. मग त्याच्या काखेत हात घालायला वाकले आणि वाकलेले वर उठलेच नाहीत. हळूहळू गुडघ्यावर आले, आणि मग भाईच्या शेजारी बसले. ओरडले नाहीत. धडपडले नाहीत. फार चालून आलेला माणूस पारावर बसतो तसे बसले आणि एका अंगाला कलंडले.

ती शांतता मी अजून विसरलेलो नाही. दोन माणसं माझ्या डोळ्यांसमोर, हाकेच्या अंतरावर, आणि काहीच आवाज नाही.

माझ्या डोक्यात तेव्हा विचार नव्हता. मी चपला काढल्या, काठावर बसलो, पाय आत सोडले आणि दोर धरला. मागनं भाभीचा आवाज आला, "भाऊजी, थांबा." तात्या उतरताना तिनं लांबनं पाहिलं होतं आणि हातातला विळा तसाच घेऊन पळत आली होती. तिनं वाकून एकदा खाली पाहिलं. मी म्हणालो, "दोघं पडलेत. मी आणतो." ती म्हणाली, "जाऊ नका." मी ऐकलं नाही. मी पहिली गाठ चाचपत होतो, तेवढ्यात दोर हातात एकदम सैल झाला. वळून बघतो तर लिंबाच्या बुंध्यापाशी ती गुडघ्यावर बसलेली आणि दोराचं कापलेलं टोक तिच्यासमोरनं सरपटत चाललेलं. माझ्या हातातनं सुटून तो सगळा खाली गेला. त्या दोघांच्या अंगावर पडला.

मी तिला काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. तिनं विळा लांब फेकला, काठापाशी आली आणि माझं मनगट दोन्ही हातांनी आवळून म्हणाली, "आता मलाबी धरा. न्हायतर मी जाईन."

आमच्या घरात भाभी माझ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नसे. त्या दिवशी आम्ही दोघं एकमेकांचे हात धरून काठावर बसून ओरडत राहिलो. मी तिला सोडत नव्हतो, ती मला सोडत नव्हती. कुणी कुणाला धरलं होतं ते मला आजही सांगता येणार नाही.

मग माणसं आली. उसातनं, रस्त्यावरनं, दुकानापाशी उभी असलेली. एकानं दुसरा दोर आणला आणि उतरायला निघाला. भाभी त्याच्या आडवी पडली. अक्षरशः जमिनीवर आडवी पडली आणि म्हणाली, "माझ्या अंगावरनं जा." अब्बा काठी टेकत आले, त्यांनी खाली पाहिलं, आणि त्या माणसाला एवढंच म्हणाले, "नको रं बाबा. तू नको." अब्बांमुळं तो थांबला. भाभीच्या म्हणण्यानं थांबला नसता.

अग्निशमनची गाडी आली तेव्हा तिच्यातल्या माणसांनी आधी आत वाऱ्याचा मोठा पाइप सोडला. मग एक जण तोंडाला मुखवटा आणि पाठीवर हवेचं नळकांडं बांधून, कमरेला पट्टा लावून उतरला. वरची तीन माणसं त्याचा दोर धरून होती. तात्यांना आधी वर घेतलं, मग भाईला. भाईचे ओठ आणि गाल लालसर होते, झोपेतल्या मुलासारखे. त्यामुळं अम्मीला वाटलं, तो जिवंत आहे. ती त्याच्या तोंडावर पाणी मारत होती. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, इंजिनाचा धूर रक्तात गेला. त्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो, माणसाला कळायच्या आधी पाय जातात. विहिरीत वारा फिरत नाही, धूर वर निघून जात नाही. सकाळपासून तो तळाशी साठत होता. इंजिन ठसकत होतं ते डिझेल संपल्यामुळं नव्हतं. इंजिनाची टाकी अजून अर्धी भरलेली निघाली. इंजिनालासुद्धा हवा पुरत नव्हती.

भाईला त्याच दिवशी कबरस्तानात नेलं. तात्यांना त्यांच्या रानाच्या कडेला अग्नी दिला. आमच्याकडची माणसं तिकडं गेली, तिकडची आमच्याकडं आली. दोन घरांत एकाच वेळी रडणं चालू होतं आणि मधे फक्त बांध होता.

भाभी इद्दतीला बसली, नवरा गेल्यावर पाळायचे चार महिने दहा दिवस. आतली खोली, पडदा, बाहेरच्या पुरुषांसमोर यायचं नाही. पण आमच्या ओसरीतलं बोलणं त्या खोलीत सगळं ऐकू जातं. भेटायला येणारे आधी रडायचे, मग चहा घ्यायचे, मग आवाज खाली करून विचारायचे, "दोर खरंच तिनं कापला?" एक लांबची फुफी, म्हणजे आत्या, म्हणाली, "शेवटचा दोर होता तो. मरणाऱ्याचा आधार काढून घेतला." अम्मीनं तिला गप्प केलं नाही. अम्मी भाभीला जेवण द्यायची, ताट पडद्याआत सरकवायची, पण बोलायची नाही. एकदा मी म्हणालो, "अम्मी, तो दोर हातात धरायचा होता. बेशुद्ध माणूस कसा धरणार?" ती म्हणाली, "तू असतास ना खाली. तू बांधला असतास." मी म्हणालो, "मी तिसरा पडलो असतो." त्यावर तिनं माझ्याकडं पाहिलं आणि ती आत निघून गेली. तिला दोन्ही मुलं हवी होती. एक राहिलं हा हिशेब तिला कुणी समजावूच शकत नव्हतं.

पोलीस जबाब घ्यायला आले. हवालदार ओसरीत खुर्चीवर बसला. मी सगळं सांगितलं. त्यानं विचारलं, "दोर कुणी कापला?" ओसरीत नातेवाईक बसलेले. मी तोंड उघडायच्या आत पडद्याआडनं भाभी बोलली, "मी कापला. लिवून घ्या."

हवालदार खुर्चीत सरळ झाला. "कशासाठी, ताई?"

"भाऊजी उतरत व्हते म्हणून."

"वर वढायला दोर लागंल असं न्हाय वाटलं?"

"खाली गेलेलं कुणी बोलत नव्हतं. मला तेवढंच दिसलं."

त्यानं ते लिहून घेतलं. अपघाती मृत्यू म्हणून प्रकरण मिटलं. ओसरीतलं मिटलं नाही.

तात्यांच्या बायकोला आम्ही काकू म्हणतो. तेरावा झाल्यावर त्या आमच्याकडं आल्या. सगळ्यांना धडकी भरली, कारण त्यांचं माणूस आमच्या माणसासाठी गेलं होतं. त्या सरळ पडद्याआत गेल्या. मी दाराशी पाण्याचा तांब्या घेऊन उभा होतो, म्हणून मला ऐकू आलं. काकू म्हणाल्या, "सगळी तुला इचारत्यात, दोर का कापलास. मी ते न्हाय इचारत." पुढं म्हणाल्या, "मी म्हंते, उशिरा का कापलास. माझा मालक उतरायच्या आधी कापला असतास, तर तो घरी आला असता."

मी तांब्या तिथंच खाली ठेवला. भाभीचं रडणं ऐकू आलं. भाई गेल्यापासून मोठ्यानं रडलेली मी तिला पहिल्यांदा ऐकली. काकू उठल्या नाहीत. दिवेलागणीपर्यंत तिच्याजवळ बसून राहिल्या.

मी कामावर परत गेलो. आमच्या कंपनीत रसायनाच्या मोठ्या टाक्या आहेत, त्या साफ करायला माणूस आत उतरतो. तिथले सुरक्षा अधिकारी मला केबिनमध्ये घेऊन बसले आणि मी विचारलं म्हणून सगळं नीट सांगितलं. आत जाण्यापूर्वी हवा तपासायची. वारा आत सोडायचा. कमरेला पट्टा आणि दोर उतरण्याआधीच बांधायचा, म्हणजे आतला कोसळला तरी बाहेरच्याला ओढता येतो. आणि बाहेर एक माणूस कायम उभा राहतो. आत काहीही झालं तरी त्यानं आत जायचं नाही. मदत बोलवायची आणि ओढायचं. मी विचारलं, "आत त्याचा भाऊ असला तर?" ते म्हणाले, "तेव्हा तर मुळीच नाही. अशा अपघातांत मरणाऱ्यांमध्ये वाचवायला गेलेले फार असतात."

काही महिन्यांनी त्यांनी मला तेच काम दिलं. टाकीच्या तोंडाशी उभं राहायचं काम. आतल्याशी सारखं बोलत राहायचं, उत्तर आलं नाही की ओढायला लागायचं. पहिल्या वेळी आतला माणूस काही क्षण उत्तर द्यायचा थांबला. माझा एक पाय टाकीच्या शिडीवर गेला होता. मग तो खोकला आणि "चालू हाय" म्हणाला. मी पाय खाली घेतला. कुणाच्या लक्षात आलं नाही. तेव्हापासून उभं राहताना मी एक हात खांबाला धरून ठेवतो.

गावात मी लोकांना सांगत फिरलो. इंजिन विहिरीत उतरवू नका, उतरवलंच तर चालू असताना कुणी आत जाऊ नका, बंद केल्यावरही वारा सोडल्याशिवाय नाही, आणि कमरेला दोर बांधा. लोक ऐकून घ्यायचे. भाईच्या भावाला कोण काय बोलणार? मग पुढच्या उन्हाळ्यात तेच करायचे. एक जण म्हणाला, "आमचं कधी काय झालं न्हाय." आमचंही तोपर्यंत कधी काही झालं नव्हतं.

काकू कुणाला काही सांगत फिरल्या नाहीत. कुठल्या विहिरीतनं इंजिनाचा आवाज आला, की त्या हातातलं काम टाकून चालत जातात आणि काठावर जाऊन उभ्या राहतात. काही बोलत नाहीत. पांढऱ्या कपाळाची ती बाई उन्हात उभी राहिली, की मालकाला कसंतरी होतं आणि तो इंजिन बंद करतो. काही जण त्या गेल्यावर पुन्हा चालू करतात, हे त्यांना माहीत आहे. काही ठिकाणी मागं बोलतात, अपशकुनी म्हणतात. तेही माहीत आहे. दोन-चार जणांनी मात्र खरंच इंजिन सोडलं आणि पाणबुडीसाठी लोखंडी शिडी, कप्पी बसवून घेतली. आम्हीही शिडी बसवली. विहीर बुजवा म्हणून नातेवाईक मागं लागले होते. अब्बा म्हणाले, "बुजवून ऊस कशावर जगवू?" आज त्याच विहिरीचं पाणी आमच्या उसाला जातं.

इद्दत संपल्यावर भाभी मुलीला घेऊन माहेरी भिगवणला गेली. तिच्या भावांचा मासळीचा धंदा आहे आणि हायवेला खानावळ. ती खानावळीचं स्वयंपाकघर बघते. मी महिन्या-दोन महिन्यांनी जातो. मुलीच्या शाळेचं बघायला म्हणून जातो, पण नुसतं बसायलाही जातो. एवढ्या सगळ्यातनं गेलेलं माझ्याखेरीज तेच एक माणूस उरलंय.

गेल्या वेळी मी तिला सांगितलं, की कंपनीत सुरक्षेच्या कार्यक्रमात मला बोलायला सांगितलंय. तुमची गोष्ट सांगू का? दुपारची गर्दी सरली होती. ती मोठं पातेलं घासत होती. म्हणाली, "सांगा. नाव कुणाचं घेऊ नका. आणि मला लई शहाणी करू नका. मला धुराचं काय ठावं नव्हतं."

"पण तुम्ही थांबवलंत."

तिनं पातेलं खाली ठेवलं, हात धुतले, पदराला पुसले. मग म्हणाली, "भाऊजी, एक गोष्ट मी कुणालाच सांगितली न्हाय. मी खाली वाकून बघितलं ना, तवा तुमच्या भावाचा हात हालला व्हता. डावा. बोटं अशी." तिनं स्वतःची बोटं जरा मिटून दाखवली. "तुमी दोराकडं बघत व्हता. तुमाला दिसलं न्हाय. मला दिसलं. ते जिते हायती हे बघून मी दोर कापला."

मी तिला ते सांगितलं, जे मला शिकवलं गेलं होतं. मुखवट्याशिवाय कुणालाच त्याला वर आणता आलं नसतं. गाडी येईपर्यंत तो टिकला नसता. मी गेलो असतो तर तिथंच पडलो असतो. हे सगळं खरं आहे आणि ते तिलाही माहीत होतं. ती मान हलवत ऐकत राहिली, जसं एखाद्या लहान मुलाचं पाठांतर ऐकावं.

"व्हय," ती म्हणाली. "पर हात हालला व्हता."

मुलगी शाळेतनं आली आणि आम्ही ते बोलणं थांबवलं. तिनं माझ्यासमोर बसून जेवण केलं, कालवणातले काटे बाजूला काढत. आता ती तिच्या आईच्या खांद्याला लागते. संध्याकाळी मी निघालो.

घरी पोचल्यावर अम्मी दरवेळी विचारते, पोरगी कशी आहे. भाभीचं विचारत नाही. मी म्हणालो, उंच झालीय. हाताचं मी तिला सांगितलेलं नाही, आणि सांगणार नाही. अम्मीनं पाणी आणून दिलं आणि ती पुन्हा भाकरी थापायला बसली.